माकडांची सुनावणी

आमचे साहेब विनोदी होते, आणि कार्यालयातलं सगळ्यात अवघड काम तेच होतं.

जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. चामोर्शीच्या पुढं, जंगलाला लागून असलेल्या एका वन कार्यालयात मी सहा महिन्यांच्या तात्पुरत्या ऑर्डरवर टायपिस्ट होते. नवरा तिथल्याच शाळेत मास्तर. ऑर्डर वाढली तर दोघं एका घरात. नाही वाढली तर मी कोरपन्याला, सासूच्या नजरेखाली कापूस वेचायला. टायपिंगच्या परीक्षेत पहिली आले होते, म्हणून मला वाटायचं सरकारचं माझ्यावाचून अडेल. काय ती ताठ मान, काय त्या दोन वेण्या. आज ती पोरगी समोर आली तर मीच तिला एक चापट देईन.

साहेब हुकूम आणि गंमत एकाच चेहऱ्यानं करत. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे हसू दिसायला जागाच नाही. पहिल्याच आठवड्यात बडेबाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, मला बाजूला घेतलं.

"बाई, साहेबाची डावी भुवई पाहात जा. वर गेली का हासाचं. नाई गेली का लिहून घ्याचं."

"आन अर्धीच गेली तं?"

"तं खोकलाचं. खोकल्यावर कोनी काई म्हनत नाई."

आमचं ऑफिस बारा महिने खोकत असे.

माझं एकदा चुकलंच. साहेब म्हणाले, "बाई, बांबूच्या गाड्यायचा तक्ता आज पायजे, नाईतं तुमाले वाघाले देऊन टाकतो." मी खळखळून हसले, चांगली बराच वेळ. तक्ता खरंच हवा होता. "वाघापुरतं हासाचं होतं, तक्त्याले नाई," बडेबाबूंनी नंतर समजावलं. ऑर्डर संपायला महिना उरला होता. घाबरून मी ठरवलं, भुवईबिवई बंद. साहेब बोलतील ते सगळं हुकूम.

त्याच आठवड्यात माकडांनी छपराची कवेलू फोडली. साहेब वर बघून म्हणाले, "या वांदरायले नोटीस काढा. म्हना, सात दिवसात हजर होऊन खुलासा द्या."

बडेबाबू खोकले. मी टाइप केली.

आणि काय टाइप केली. एक खाडाखोड नाही. 'आपणांस कळविण्यात येते की, आपण शासकीय छपरावर विनापरवाना वावर करून...' जावक क्रमांक टाकला आणि सहीच्या गठ्ठ्यात ठेवली. साहेब गठ्ठा न वाचताच सह्या करत. नोटीस गेली नाकेदाराकडे, म्हणजे जंगलाच्या शिपायाकडे. तो साहेबांना माझ्याहूनही जास्त घाबरे. दुसऱ्या दिवशी तो ती बजावून आला.

"घेतली का?" मी विचारलं.

"एकानं घेतली, बाई. वास घेतला न फेकून देल्ली."

"मग?"

"मंग काय, घेन्यास नकार. दोन पंच बोलावले न मोहाच्या झाडाले चिकटवली."

पंचनाम्यावर दोघांचे अंगठे होते. मी तो फायलीला लावला, तोही अभिमानानं.

पंधरा दिवसांनी मोठे साहेब तपासणीला आले आणि नेमकी तीच फाइल उघडून बसले. अंगठ्यांसकट सगळी वाचली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"हे काय आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"गंमत होती, सर," आमचे साहेब म्हणाले.

"जावक क्रमांक आहे."

"हो, सर."

"मग माकडं हजर झाली का?"

आमच्या साहेबांनी मोठ्या साहेबांच्या भुवया निरखल्या. दोन्ही जागच्या जागी. साहेब थोडे हसले, मग ते हसू खर्ऱ्यासकट गिळलं आणि खोकले. मागून बडेबाबूही सवयीनं खोकले.

"नाही झाली, सर."

"पुढची तारीख द्या," असं म्हणून मोठ्या साहेबांनी दुसरी फाइल ओढली.

जीप गेल्यावर साहेबांनी ती नोटीस पहिल्यांदाच वाचून काढली. मग हळूच म्हणाले, "ते हासाचं होतं का?"

"मले तं समजलं नाई, साहेब," बडेबाबू म्हणाले.

"बाई, तुमाले?"

मी नकारार्थी मान हलवली. आपली रवानगी आता कोरपन्याला, हे मी धरूनच चालले होते. पण साहेबांना माझ्यावर रागवायलाही सवड नव्हती. गंमत समजून तारीख दिली नाही आणि तो हुकूम निघाला तर? शेवटी त्यांनी तारीख दिली, माझी ऑर्डर संपल्यानंतरच्या महिन्यातली.

बडेबाबूंनी कॅलेंडर पाहिलं, मला पाहिलं आणि विचारलं, "सुनावनीचं टायपिंग कोन करन, साहेब?"

त्या दुपारी माझी शिफारस मीच टाइप केली: 'माकडांचे प्रकरण प्रलंबित असल्याने सदर टंकलेखिकेची सेवा आवश्यक आहे.' वर ती मंजूर झाली. मंजूर करणाऱ्याला ती गंमत वाटली की हुकूम, कोण जाणे.

दर सहा महिन्यांनी सुनावणी पुढं जायची, मागोमाग माझी ऑर्डर. अशी चार वर्षं गेली. सुनावणीच्या दिवशी मात्र मी सकाळीच जाऊन मोहाच्या झाडाखाली दोन मुठी चणे टाकून यायचे. चुकून कोणी हजर झालं असतं, तर माझी नोकरी गेली असती.