चार इंची भिंत

आमची घरं जोडघरं, अकोल्याच्या एका टोकाला. बांधणाऱ्याने दोन घरांत मिळून एकच भिंत घातली आणि तीही चार इंची. शेजारच्या वहिनींनी फोडणीत मोहरी टाकली की तडतड आमच्याकडे. त्यांच्या मिस्टरांचा खोकला आमच्याकडे. त्यांची मालिका तर मी भाजी निवडता निवडता नुसती ऐकूनच पूर्ण केली. वहिनी मूळच्या अकोटच्या, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या. घरात नवरा-बायको दोघंच. इतकी वर्षं त्या भिंतीचं मला काही वाटलं नाही. पण माझ्या पोरीची सोयरीक मोडली आणि त्या दिवसापासून ती भिंत मला खुपायला लागली.

सोयरीक ठरल्यातच जमा होती. मुलगा अमरावतीचा, चांगल्या नोकरीत, दिसायला नीटस. पसंती झाली होती, साखरपुड्याचा दिवस तेवढा धरायचा होता. उन्हाळ्याचे दिवस. मुलगा रोज संध्याकाळी फोन करायचा. फोन वाजला की पोरगी मागच्या खोलीत जायची, दार लावायची आणि कूलर फुल्ल सोडायची. एकदा त्या कूलरची घरघर सुरू झाली की दाराबाहेर उभं राहूनही आतलं अक्षर कळायचं नाही. मी म्हणायचे, लाजते बिचारी. आमच्या वेळी कुठे होते हे लाड! मी तर साड्यासुद्धा बघून ठेवल्या होत्या.

आणि एक दिवस मध्यस्थाचा फोन आला. "त्यायनं चौकशी केली म्हणे. पोरगी तापट हाये, कोनाचं ऐकत नाई. ते नाई म्हनून राहिले." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

चौकशी! आपल्याकडे पोरीची चौकशी कुठे करतात, हे का मला सांगायला हवं? मुलाचा मामा येतो, पाणी मागायच्या निमित्ताने शेजारच्या ओट्यावर टेकतो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, "पोरगी कशी काय हाये हो?" शेजारीण जे बोलेल ते अमरावतीला जाऊन पोहोचतं. आणि आमचं घर ओळीतलं शेवटचं. डावीकडे रिकामा प्लॉट, तिथे नुसती काटेरी झुडपं. म्हणजे शेजारीण एकच.

आमचे हे म्हणाले, "अवं, नसन जमाचं तं नाई जमलं. कायले डोक्शात राख घालून घेतं?" यांचं नेहमीचंच. मला मात्र जेवण जाईना. माझी पोर तापट? जिने कधी मोठ्याने हाक मारली नाही, ती तापट?

मग मी ऐकायला लागले. आधी जे आपोआप कानावर पडायचं ते आता मी कान देऊन ऐकायचे. पण ऐन उन्हाळ्यात दोन्हीकडे कूलर सुरू, ऐकू काय येणार डोंबल? म्हणून मी आमचा कूलर बंद करायचे. अकोल्याचं ऊन, घामाने पातळ अंगाला चिकटलेलं, आणि मी भिंतीपाशी बसून तांदूळ निवडतेय! यांनी एकदा विचारलं, "लाइन गेली का?" मी म्हटलं, "हो." वहिनी कूलरमध्ये पाणी भरायला त्यांचा कूलर बंद करायच्या, तेवढाच वेळ माझ्या कामाचा. आणि नेमक्या तेव्हाच वहिनी हळू बोलायच्या. जन्मभर घसा फोडून बोललेली बाई आता कुजबुजते कशाला?

संशय एकदा बसला की सगळंच त्याला धरून दिसायला लागतं. मी अंगणात आले की वहिनी आत जायच्या. विरजण मागायला यायच्या, ते बंद झालं. रस्त्यात दिसल्या तर आधी माझ्या पोरीकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे. एकदा त्यांनी डबाभर कुरडया पाठवल्या. आपल्यात भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी डबा घासला, पुसला आणि कोरडा ठणठणीत नेऊन त्यांच्या ओट्यावर ठेवला. समजायचं ते समजू दे बाईला, म्हटलं.

आणि एका दुपारी त्यांचा कूलर बंद झाला आणि वहिनींचा आवाज स्वच्छ आला. मिस्टरांना सांगत होत्या, "त्या मामाले सांगतलं ते बरंच केलं म्या. मले काई वाईट नाई वाटत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तांदळाचं ताट तसंच टाकून मी त्यांच्या दारात. वहिनी लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसल्या होत्या.

"मामा आलता तुमच्याकडं?"

"आलता."

"काय सांगतलं त्याले?"

"पोट्टी तापट हाये म्हनलं. तुमच्या पोराले जड जाईन म्हनलं." वहिनींनी मानसुद्धा वर केली नाही. फोडलेली कैरी परातीत टाकली आणि दुसरी घेतली.

"अवो, काय बिघडवलं होतं माह्या लेकरानं तुमचं?" मी एवढ्या मोठ्याने ओरडले की माझं मलाच नवल वाटलं. "जळलं का तुमच्या डोळ्यात तिचं चांगलं? वाटोळं केलं तुमी तिचं, वाटोळं!"

वहिनींनी हातातली कैरी खाली ठेवली. मी आणखी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि ते भिंतीतून आमच्याकडे गेलं असणारच, कारण पोरगी अनवाणीच धावत आली आणि माझा दंड धरला.

"आई, त्यायले नको बोलू. म्याच सांगाले लावलं."

मला आधी कळेचना. मग ती तिथेच, कैऱ्यांच्या कोयींत बसून सांगायला लागली. फोनवर तो रोज विचारायचा, आज अंगावर काय घातलं होतं, ऑफिसात कोणाच्या बाजूला बसली, कोणाशी हसली. खोटं बोलते म्हणायचा. फोन उचलायला उशीर झाला की घाणेरड्या शिव्या द्यायचा. ही रडायची. रडणं आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून कूलर लावायची आणि त्याचा वारा नको म्हणून लांब, भिंतीला टेकून बसायची. कूलर आमच्या खोलीत घरघरत होता. पण तिची पाठ ज्या भिंतीला होती, तिच्या पलीकडे वहिनींची देवखोली. वहिनी तिथे दिवा लावायच्या.

"रोज आयकत होती मी," वहिनी म्हणाल्या. "शेवटी कपडे वाळू घालताना इचारलं तिले. ते म्हनली, काकू, तो मामा चौकशीले आला तं माह्याबद्दल वाईट सांगा. आईले सांगू नका म्हनली, म्हनून तुमाले नाई सांगतलं."

माझा राग जाईना आणि तो ठेवायचा कुठे तेही कळेना. मी पोरीवरच उलटले. "अवं, मी का मेली होती? घरात आई बसली हाये, आन् तू शेजारी सांगत फिरतं? एक शब्द मले नाई सांगाव?"

पोरीने पदराने, म्हणजे माझ्याच पदराने, डोळे पुसले.

"सांगतलं होतं, आई. त्यानं पहिल्यांदा शिवी देल्ली त्याच दिवशी. तू म्हनली, तो जीव लावते म्हनून रागावते."