कंट्रोलची झाडं

कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं की शेवाळ आपसूक धरतं, कुणाला पेरावं लागत नाही. आमच्या ग्रीनहाऊसमधल्या किश्श्यांचं तसंच आहे. मी रोज बंगळुरातल्या चामराजपेटहून दोन बस बदलून देवनहळ्ळीला जाते, तिथल्या कुंड्यांना पाणी घालायला. निपाणीला सातवीत शाळा सुटली. पुढचं वनस्पतिशास्त्र नातवाच्या टाकून दिलेल्या पुस्तकांतून शिकले, मांडीवर डिक्शनरी घेऊन. कुणाचे उपकार नाहीत!

आमचे सर बेळगावचे. रोज सकाळी दारातूनच विचारायचे, "अक्का, झाडं काय म्हणतात?" त्या एका प्रश्नासाठी मी पहाटे उठायचे. मग पुण्याहून संशोधनासाठी डॉक्टर मुग्धा आली आणि सर विचारायला लागले, "मुग्धा, झाडं काय म्हणतात?"

पुढे मी जे काही केलं, त्याचं कारण एवढंच.

*

गरोदर बाईला फोलेटच्या गोळ्या देतात ना, ते फोलेट टोमॅटोनेच जास्त तयार करावं, म्हणून मुग्धा झाडाच्या आतला कारखानाच बदलते. तिची झाडं उभी राहायला दीड वर्ष लागलं. पोरगी हुशार आहे. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

पहिल्याच दिवशी मला "आजी" म्हणाली. म्हटलं, "आजी पुण्यात ठेवून आलीस ना? इथे अक्का म्हणायचं."

*

तिच्याकडे मातीची ओल मोजायचं यंत्र आहे. मी बोट खुपसते. एकदा यंत्र म्हणालं कोरडं, माझं बोट म्हणालं ओलं. सरांसमोर कुंडी उपडी केली, तर तळाशी नुसता चिखल. यंत्राचे सेल संपले होते.

मी बोट पदराला पुसलं. "याला सेल लागत नाहीत."

सर हसले. तो आठवडा बरा गेला.

*

बेळ्ळंदूरहून एक पैसेवाले साहेब बघायला आले. लाल फळं बघून म्हणाले, एक चाखू का? मुग्धाने समजावलं, असली फळं चाखायची नाहीत, बाहेर न्यायची नाहीत. तपासून झाली की वाफेवर शिजवून नष्ट करायची.

मी म्हटलं, "आधी सत्त्व घालायचं आणि मग शिजवून शिजवून मारायचं. आमच्या सूनबाईंची भाजी अशीच असते." साहेब हसले, सर हसले. मुग्धाही हसली, ते मला आवडलं नाही.

*

आता कंट्रोल. बदल न केलेली साधी झाडं मुग्धाच्या झाडांशेजारी वाढवायची. दोघांना पाणी तेवढंच, खत तेवढंच. मगच फरक कळतो. मुग्धाची वीस, साधी वीस. साधी माझ्या वाट्याला आली.

साधी म्हणून काय झालं? मी त्यांना गुपचूप आंबट ताकाचं पाणी घातलं, घरून शेणखत नेलं. माझी झाडं कमरेला लागली, मुग्धाची गुडघ्याशीच! ती आठवडाभर स्वतःची चूक शोधत बसली. शेवटी सरांना माझ्या पिशवीत शेणखत सापडलं.

"अक्का, ही शर्यत नाही. स्वल्प समजून घ्या."

सगळं पहिल्यापासून सुरू झालं. या वेळी चाळीस कुंड्यांवर नुसते नंबर. कुठली कुणाची, ती यादी लिफाफ्यात घालून सरांच्या कपाटात. मुग्धालाही माहीत नाही, मलाही नाही. मी कन्नडमध्ये म्हटलं, सरी. म्हणजे बरं.

*

एप्रिलमधला रविवार. मुग्धा बहिणीच्या साखरपुड्याला पुण्याला गेलेली. भर दुपारी लाईट गेली, जनरेटर लागेना, पंखे बंद. काचेखाली भट्टी पेटली. सरांना फोन केला, तर ते ट्रॅफिकमध्ये. बॅटरीवर चालणारी एसीची एक छोटी खोली होती. तिच्यात जेमतेम वीस कुंड्या मावतात.

मी एकेक कुंडी कडेवर घेऊन नेली. गुडघे अजून बोलतात. बाहेरची वीस झाडं संध्याकाळपर्यंत माना टाकून गेली.

सोमवारी सरांनी लिफाफा फोडला आणि मुग्धाने यादी ताडून पाहिली. आतली वीसच्या वीस तिची. मेलेली सगळी माझी.

ती कॉफीचा कप हातात धरून माझ्यासमोर येऊन बसली.

"अक्का, नुसत्या नंबरांवरून कशी ओळखलीत?"

"सवतीची पोरं बाई अंधारातही ओळखते."

"मग तुमची का नाही उचललीत?"

मी म्हटलं, "कॉफी निवतेय तुझी. आधी पी."