मेळाव्यास सपत्नीक यावे

व्यवस्थापन शिकवणाऱ्या त्या संस्थेत जिन्याखाली एक खोली आहे, माजी विद्यार्थी कक्ष. तिथे सत्तावीस वर्षं आत्या बसतात. पोरं मोठमोठ्या कंपन्यांत साहेब झाली, तरी त्यांच्या लेखी त्या आत्याच. आत्यांची पद्धत ठरलेली. फोन लावला की आधी घरचं विचारायचं, मग कामाचं. "आईचा गुडघा कसा आहे रे? बरं, ऐक, आमची दोन मुलं सुट्टीत तुझ्याकडे काम शिकायला घे." आईच्या गुडघ्यानंतर नाही म्हणायला भल्याभल्यांची जीभ रेटत नाही.

नवे संचालक आले आणि त्यांनी सगळी नावं कॉम्प्युटरात भरायला लावली. वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि मेळाव्याचं निमंत्रण आता आपोआप जाणार होतं. "उद्योगजगताशी नातं घट्ट व्हायला हवं," हे त्यांचं पालुपद. आत्यांनी नाक मुरडलं, पण तीन हजार नावं भरली. जे हयात नव्हते त्यांच्यापुढे 'मृत' अशी खूण केली की नाव यादीतून पुसलं जायचं. अशा नावांपुढे आत्यांनी डोळे मिटून खुणा केल्या, एकापाशी मात्र हात अडला. पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखानदार, दरवर्षी न चुकता दोन मुलं घेणारा. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. उद्या बघू म्हणाल्या, आणि विसरल्या.

एका मंगळवारी सकाळी त्याच्या फोनवर संदेश गेला: वाढदिवसाच्या शुभेच्छा, आपल्या यशाचा आम्हाला अभिमान वाटतो, मेळाव्यास सपत्नीक यावे. तो फोन आता त्याची बायको वापरत होती. तिने थेट संचालकांना गाठलं आणि दोन मिनिटांत त्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

"मेळावा तोंडावर आलाय आणि हे काय करून ठेवलंत?" संचालक आत्यांवर उखडले. "त्या बाईंची समजूत पटली नाही, तर पुढच्या महिन्यापासून हे काम बाहेरच्या कंपनीकडे. तुम्ही ग्रंथालयात बसा."

आत्यांचं पुस्तकांशी काही वाकडं नव्हतं. पण पुस्तकांना गुडघे नसतात.

दुपारीच बस पकडून त्या कारखान्यात गेल्या. पुठ्ठ्याच्या थप्प्यांआड बाई केसांत पेन्सिल खोचून मापं तपासत होत्या.

"मी आत्या, संस्थेतली. चूक कॉम्प्युटरची नाही ताई, माझी आहे."

"तुम्हीच का त्या!" बाईंनी बस म्हटलं नाही. "वाढदिवसाला त्यांची कुणाला तरी आठवण आली म्हणून केवढ्या आनंदाने उघडलं मी ते! चार वर्षांत तुमचा एक फोन नाही. ते गेले आणि मुलंही यायची बंद झाली. पहिल्या वर्षी माझे दर चुकले, गिऱ्हाइकं तुटली. विचारणार कुणाला? आणि तिकडे हेच शिकवणारी अख्खी संस्था भरलेली!"

आत्यांना रडू फुटलं. "काय बोलावं सुचत नव्हतं हो. आज करू, उद्या करू म्हणत तोंड लपवलं मी."

बाईंनी स्टूल पुढे सरकवलं. आत्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "आत्ता काय अडलंय?"

एका साबण कंपनीला ओल न धरणारी खोकी हवी होती. नमुना पाठवून तीन महिने झाले, पण तिथे कुणी दाद देत नव्हतं. तिथला खरेदीचा साहेब आत्यांचाच विद्यार्थी निघाला. त्यांनी बसल्या जागेवरून फोन लावला. "बाळाला दात आले का रे? बरं, ऐक." दोन दिवसांत नमुना तपासणीला गेला.

मेळाव्याला बाई आल्या, एकट्याच. संचालकांनी लगबगीने त्यांना पहिल्या रांगेत उद्योगपतींशेजारी बसवलं आणि दोन शब्द बोलायची विनंती केली.

"मी इथे शिकलेली नाही," बाई म्हणाल्या. "पण सोमवारपासून माझ्याकडे दोन मुलं पाठवा. आणि यांचं नाव पुसू नका, त्याखाली माझं लिहा."

पहिली टाळी साबणवाल्या साहेबाची होती. संचालकांनी ग्रंथालयाचा विषय पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी खुणा करून पुसलेली नावं जुन्या वह्यांतून शोधून काढली. अशी अकरा घरं निघाली. त्यांनी पहिला नंबर लावला.

"ताई, मी आत्या, संस्थेतून बोलतेय. फोन करायला मला फार उशीर झाला."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बोला ना," फोनवरची बाई म्हणाली. "मी ऐकतेय."