ठोकळा

ट्रकवाले त्या दोघा भावांना मिस्त्री आणि रेडिओ म्हणत. थोरला मिस्त्री कामाला वाघ, पण दिवसाकाठी त्याच्या तोंडून दहा शब्द निघाले तर निघाले. धाकट्याची बडबड मात्र वर्कशॉपचं दार उघडल्यापासून कुलूप लागेपर्यंत चालायची. गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि रेडिओ कायमचा बंद पडला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला एक डावा हात आणि सगळं कळणारे डोळे.

राहायची खोली वर्कशॉपला लागूनच होती. मिस्त्री रोज सकाळी धाकट्याला पलंगावरून उचली, मधल्या दारातल्या खुर्चीत आणून बसवी. तिथून ट्रक दिसत.

"तुझ्यापेक्षा गिअरबॉक्स परवडला," मिस्त्री धापा टाकत म्हणे. "त्याला धरायला निदान कड तरी असते."

धाकटा अर्ध्या तोंडानं हसे. अख्ख्या दिवसात तेवढंच. हे ओझं उचलणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. मिस्त्रीच्या बायकोचा जीव मूठभर.

दोघांची कामाची एक रीत होती. छपराची तुळई गंजून वाकली, तिला टांगलेली साखळीची कप्पी गेली, तेव्हापासून गिअरबॉक्स ते जॅकवरच चढवत. जॅक बुटका. एक वीत उचलायचं, खाली लाकडी ठोकळा सरकवायचा, जॅक उतरवून वजन ठोकळ्यावर टेकवायचं, जॅकखाली फळी घालायची, की पुन्हा एक वीत. मिस्त्री ट्रकखाली उताणा पडून म्हणे, "ठोकळा!" धाकटा गप्पा न थांबवता ठोकळा सरकवून म्हणे, "बसला!" तीस वर्षांत त्याला कधी उशीर झाला नाही. पुढे पुढे तर मिस्त्री 'बसला' ऐकायलाही थांबेनासा झाला होता.

एके दिवशी गिअरबॉक्स बसवायला ट्रक घेऊन आलेल्या ड्रायव्हरनं विचारलं, "मिस्त्री, क्रेन मागवू का?"

"मागव. मग उद्यापासून ट्रकही क्रेनवाल्याकडेच ने."

"बरं, मी येतो हाताशी."

"जॅकपाशी नवखा माणूस बसला की खाली माझा चेंदामेंदा. तू जा, चहा पिऊन ये."

बायको दारातून म्हणाली, "अहो, ऐका जरा त्याचं. एकट्यानं कसं व्हायचं?"

"मागचे दोन बसवलेच की एकट्यानं."

"बसवले, आणि नंतर आठ दिवस पाठ कोण शेकत होतं?"

ती आत धुणं धुवायला गेली. मिस्त्री ट्रकखाली शिरला.

पहिली वीत झाली. त्यानं कुशीवर वळून स्वतःच ठोकळा घातला. दुसऱ्या वितीलाही घातला. तिसऱ्या वेळी मात्र डोळ्यांत घाम उतरला होता, उजव्या हातानं गिअरबॉक्स खालून सावरलेला, आणि सगळं लक्ष वरच्या भोकाकडे, गिअरबॉक्सचा दांडा इंजिनात सरळ शिरतोय की नाही ते बघण्यात. तो सवयीनं म्हणाला, "ठोकळा!" आणि डाव्या हातानं त्यानं जॅक उतरवायची चावी फिरवली.

ठोकळा बाजूला पडलेला होता.

गिअरबॉक्स खाली आला तो त्याचा उजवा पंजा घेऊनच. तो ओरडला, पण शेजारी पत्रे ठोकायचं काम चाललं होतं. त्या दणदणाटात कुणाला काय ऐकू येणार?

धाकट्यानं मात्र पाहिलं. त्यानं डाव्या हातानं पाण्याचा स्टीलचा पेला उचलून दाराच्या चौकटीवर आपटायला सुरुवात केली. तहान लागली, लघवीला लागली, माशी बसली, तरी तो असाच आपटायचा.

"आले हो भाऊजी!" आतून ती म्हणाली. "आत्ताच तर पाणी दिलं. दोन कपडे पिळू द्या की."

तो आपटत राहिला. पेल्याला पोचे आले. ती आली तेव्हा कपाळावर आठ्या होत्या. "काय जीव खाता हो एकेकदा!" म्हणाली, आणि मग त्याच्या नजरेमागे तिची नजर गेली.

ड्रायव्हर आणि पत्रेवाल्यांनी पहारी लावून हात सोडवला. डॉक्टरांनी अंगठा आणि करंगळी वाचवली. मधली तिन्ही बोटं गेली, मनगटातली ताकदही गेली. ट्रक ओढून दुसरीकडे नेला. तिथं क्रेननं अर्ध्या तासात काम झालं. हे सांगताना ड्रायव्हर मान वर करत नव्हता.

त्या काळात शेजारचा एक पत्रेवाला येऊन धाकट्याला खुर्चीत बसवून जाई. मग त्यालाही कामं होती. एके दिवशी तो आला नाही.

"मी बघतो," मिस्त्री म्हणाला. त्यानं डावा हात धाकट्याच्या काखेत घातला, बायकोनं पाय धरले. पलंगावरून उचलला, आणि खुर्चीपर्यंत पोचायच्या आतच तिघं जमिनीवर बसली. तिथून मिस्त्रीनं पुन्हा जोर लावला. धाकटा जेमतेम वीतभर उचलला गेला.

तेवढ्यात धाकट्यानं डावा हात लांबवून दाराआड ठेवलेला तो तेलकट ठोकळा ओढला आणि स्वतःच्या बुडाखाली सरकवला. त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण मिस्त्रीला कळलं.

त्या वीतभर उंचीवर धाकटा बसून राहिला, एका बाजूला कलंडत. मिस्त्रीच्या हातात दुसरी वीत उचलायचं बळ नव्हतं.

"अहो, काढा ते," शेवटी बायको म्हणाली. "खुपत असेल त्यांना."

मिस्त्रीनं ठोकळा काढला. धाकट्याचं अंथरूण तेव्हापासून जमिनीवरच असतं. तिथून त्याला दाराचा उंबरठा दिसतो, पलीकडचं काही नाही.