तिने पाठवलेली माणसं

थोरल्याचा फोन आला की मागे मशीन घरघरत असायचं. सकाळी तेच, सुट्टीच्या दिवशीही तेच. "तू खोलीवर कधी असतोस रे?" असं आईने विचारलं की तो "असतो ना" म्हणायचा आणि विषय बदलायचा. ते उत्तर तिच्या मनातून काही जात नव्हतं.

गावातला काचकारखाना बंद पडला तेव्हा कुणाच्याच हाताला काम उरलं नाही. देशाच्या दुसऱ्या टोकाला मात्र फाटकाफाटकावर 'कामगार पाहिजेत'च्या पाट्या वर्षभर लटकत. थोरला तिकडे गेला, पुढे मुकादम झाला, आणि इकडे आईच्या स्वयंपाकघराला कचेरीची कळा आली. आज कुणाचा भाचा, उद्या कुणाचा जावई. ती चहा टाकायची, ऐकून घ्यायची, मुलाला कळवायची. तो म्हणायचा, "कामाला तोटा नाही इथे. राहायचं तेवढं बघावं लागेल." ते 'तेवढं' तिने कधी कानाआड केलं, तिलाही कळलं नाही. मागच्या गल्लीतली शिंपीणबाई म्हणायची, "तुमचा मुलगा म्हणजे आपल्या वस्तीचा मंत्रीच." हे ऐकायला बरं वाटायचं. आता शिंपीणबाईचाच मुलगा उद्याच्या गाडीने निघणार होता.

तिनेच पाठवलेला वेल्डर रजेवर आला होता. संध्याकाळी तो तिच्या फाटकाची बिजागरी जोडून देत होता.

"थोरला जेवतो ना नीट?"

"जेवतो आमच्याबरोबरच. झोपायला गोदामात जातो."

"गोदामात? त्याची खोली आहे ना?"

"आहे ना, मावशी. तिथे आम्ही राहतो." तो हसला. "तुमच्या कृपेने अगदी हाऊसफुल्ल. एकाची गादी गार व्हायच्या आत दुसरा पडतो. दुसरी खोली बघायला गेलो, तर भाडं ऐकून जिन्यावरूनच परत फिरलो."

"आणि कारखान्याचा मालक?"

"त्याला पत्ता नाही. रखवालदाराने मात्र दादाला एकदा हटकलंय. पुन्हा इथे झोपलेला सापडला तर वर सांगेन म्हणाला. मग मुकादमी गेलीच समजा."

"मला बोलला नाही तो."

"कसा बोलेल? आईने शब्द दिलाय, म्हणतो."

फाटक नीट लागलं. वेल्डर चहा पिऊन गेला. तिचा कप तसाच राहिला.

थोरल्याला विचारलं तर तो "येऊ दे ग त्याला" म्हणणार, हे तिला पाठ होतं. नकार द्यायचा तर तिनेच द्यायला हवा. शिंपीणबाईने मुलाला नवे शर्ट शिवले होते, गल्लीभर सांगूनही झालं होतं. ती वर्षभर बोलणार नाही, आणि बोललीच तर टोमणे मारेल. त्या मुलाचं तरी काय चुकलं होतं? इथे बसून तो करणार तरी काय?

समोर गेलो तर आपण विरघळू, हेही तिला ठाऊक होतं. तिने दार लोटलं, चष्मा लावला आणि फोनमध्ये शिंपीणबाईचा नंबर शोधायला घेतला.