मानेखालचा ठोकळा

गिटारचं डोकं मानेपासून सुटून नुसतं तारांवर लोंबकळत होतं. विमलताईंनी ती चादरीत गुंडाळून ठाकुर्लीहून ठाण्याला नौपाड्यात आमच्या दुकानात आणली, काउंटरवर ठेवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही.

"ताई, माझ्याच हातनं झालंय हे. जोडून द्या."

वाद्यांचं रिपेअर मी कुठल्या शाळेत शिकले नाही हो. या दुकानात पेट्या पुसायला लागले, आणि बघता बघता हात बसला. ही गोष्ट ऐंशीचं दशक सरत आलेलं तेव्हाची. आमचे मालक, बापूसाहेब, चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाई, हिचं आता काही खरं नाही. नवी घ्या."

"नवीला ते हात लावायचे नाहीत."

ते म्हणजे त्यांचे यजमान, यशवंतराव. रेल्वेत फिटर. वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवायचे. स्ट्रोक आला, डावा हात गेला, बोलणंही गेलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. एके दिवशी त्यांनी उजव्या हाताने खुंटीवरची गिटार दाखवली. विमलताईंनी ती टेबलावर आडवी ठेवली, आजारी माणसाला देतात तशी तिच्या डोक्याखाली टणक उशी दिली. मुलगी सुजाता वरून तारा दाबायला बसली. बापाने उजव्या हाताने वाजवायचं, लेकीने त्याच्या डाव्या हाताचं काम करायचं. थोडा वेळ वाजलं. मग कडकन आवाज आला.

"तेव्हापासून धड जेवत नाहीत," विमलताई म्हणाल्या. "त्यांना वाटतंय, आपल्यामुळेच मोडली."

आता खरं सांगायचं तर मोडली ती उशीमुळेच. गिटारचं डोकं मागे कललेलं असतं. ते मानेला मिळतं तिथे लाकूड सगळ्यात बारीक. टेकू डोक्याला दिला आणि दाब मानेवर आला, की सगळा भार त्या बारीक जागेवर. पण चीर उजेडात धरून पाहिली, तर निम्मं लाकूड आतून काळं पडलेलं. म्हणजे चीर जुनी.

"ही आधीच तडकलेली होती, विमलताई. उशीने फक्त पुरी केली."

"खरं बोलताय ना? की माझ्या समाधानासाठी?"

"हे काळं बघा. एका दिवसात इतका मळ जातो का आत?"

त्यांनी पहिल्यांदा जवळ येऊन पाहिलं.

मी तारा काढल्या, चिरेत गरम सरस भरला, क्लॅम्प आवळले आणि मान नेक रेस्टवर ठेवली. नेक रेस्ट म्हणजे टेबलावर ठेवायचा लाकडी ठोकळा. वर वाटीसारखी खाच, खाचेत जाड लोकरी कापड. मान त्यात बसते, डोकं अधांतरी मोकळं राहतं.

बापूसाहेब येता-जाता बघायचे. "ही गिटार आहे की हाडांच्या डॉक्टरचा पेशंट?"

"पेशंटच आहे. टेबलाला धक्का नको."

सरस पक्का झाल्यावर तारा चढवून मी स्वतः ठाकुर्लीला गेले. पिशवीत ठोकळाही घेतला. नुसतं सांगितलं असतं तर पुन्हा उशीच आली असती.

यशवंतरावांना टेबलाशी बसवलं. गिटार समोर आडवी ठेवून तिच्या मानेखाली ठोकळा दिला. सुजाता काही हात लावेना.

"काकू, परत मोडली तर?"

मी सगळ्यांसमोर गिटारच्या मानेवर तळहात ठेवून चांगला भार दिला. काही झालं नाही. यशवंतराव गिटारच्या डोक्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांनीच सुजाताला मान हलवून खूण केली.

तिने तारा दाबल्या. त्यांनी छेडल्या. हळू, अडखळत. आणि एकदम त्यांनी पंजा तारांवर ठेवून आवाज बंद केला. सुजाताने घाबरून हात काढून घेतला.

विमलताईंनी तोंडाला पदर लावला. "अगं, मोडलं नाही काही. तुझं बोट चुकलं. पार्टीत कुणी चुकलं की ते अस्सेच थांबवायचे."

सुजाताने पुन्हा तारा दाबल्या, एक बोट सरकवून. यशवंतरावांनी पंजा उचलला.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेबांनी विचारलं, "ठोकळा कुठाय?"

"पेशंटकडे."

संध्याकाळी त्यांनी सागवानाचा एक तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. "नवा कर."

पुढची भीमजयंती यशवंतरावांनी पाहिली नाही. त्यानंतर सुजाता एकटीच तारा बदलायला आली. माझा नवा ठोकळा तेव्हा दुसऱ्या गिटारखाली होता. "थांब हं, देते," म्हणून मी वळले. तोवर पोरीने आपल्या गिटारच्या मानेखाली स्वतःचा पंजा घातलेला. डोकं मोकळं. मी तारा चढवेपर्यंत ती तशीच उभी.

आधार द्यायची घाई सगळ्यांनाच असते. पण तो कुठे द्यायचा, ते आधी बघावं. डोक्याला नाही, मानेला.