कोनाची व तू?

सौंदडच्या फलाटावर मला निरोप द्यायला अकरा माणसं आणि एक कोंबडी आली होती. कोंबडी माझ्यासोबत पुण्याला पाठवायचा आत्याबाईंचा बेत होता, तो मी मोठ्या कष्टानं मोडला. सेहेचाळीस वर्षांची बाई, पोरांची लग्नं उरकलेली, आणि आता म्हणे शिकायला निघाली! हा खेळ कोण चुकवणार? आईनं खिडकीतून तांदळाची पिशवी आत ढकलली आणि म्हणाली, "तोंड आवरजो, बाई. तिकडच्या लोकाले बोलून बोलून दमवजो नको."

कशाला जाते, हे फक्त तिलाच माहीत होतं. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना आधार देणाऱ्या समुपदेशकांचं प्रशिक्षण. बाकीच्यांना मी 'कोर्स' म्हणून सांगितलं, आणि निम्म्या गावानं तो शिवणकामाचा ठरवला.

कारण जुनं होतं. नवेगाव बांध या गावात मी बचत गट चालवायची, तेव्हा एक बाई ओसरीवर येऊन बसली. "ताई, एक सांगाचं होतं." मी आपल्या रीतीप्रमाणे पाणी पुढं केलं आणि विचारलं, "कोनाची व तू?" आपण बांधाच्या तळ्यावर मासे घेतानाही हे विचारतो, नाही का? तिनं पाणी प्यायलं, पदराचं टोक पिळलं, "काही नाही, ताई," म्हणाली आणि उठून गेली. पुन्हा आली नाही. ते पिळलेलं टोक मात्र माझ्या डोक्यातून जाईना.

पुण्यात पहिल्याच सरावात मी समुपदेशक झाले आणि पीडितेचं सोंग घेतलेल्या बाईपेक्षा जास्त रडले. गावच्या नाटकात माझ्या रडण्यावर शेवटच्या रांगेतून टाळ्या पडायच्या. इथं शिकवणाऱ्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सुंदर. आता तिला कोण सावरणार?"

दुसऱ्या सरावात तोंडातून निघालंच, "कोणत्या गावच्या? कोणाच्या?" मॅडमनी हात वर केला. "तिला सगळ्यात मोठी भीती ओळख फुटायची आहे, आणि तुम्ही पहिल्याच वाक्यात सासर-माहेर मागता." वर्ग हसला. मला मात्र ओसरीवरून उठलेली बाई पाठमोरी दिसली. तेव्हाच ठरवलं, हे जमलं नाही तर गावी परत जायचं आणि खरोखर शिवणकाम करायचं.

शेवटच्या परीक्षेत समोर एक अनोळखी बाई बसवली. पीडितेची भूमिका करणारी. तिनं खाली मान घालून तोंड उघडलं, "कोनाले सांगाल तर नाही ना, जी?"

आपली बोली! चार महिन्यांत पहिल्यांदा! माझा रोमरोम विचारत होता, कोन्या गावची, कोनाची, तुझी मामी कोन. जीभ दातांखाली धरली. ती गप्प, मी गप्प. आपल्याकडं मी एवढा वेळ गप्प बसले असते तर कोणीतरी डॉक्टरला बोलावलं असतं. मग म्हटलं, "नाव-गाव नाही सांगितलं तरी चालते, जी. तुम्हाले जेवढं सांगाचं, तेवढंच सांगा." तिनं मान वर केली आणि बोलू लागली.

पास झाले. बाहेर ती बाई हसत म्हणाली, "इचारलं काऊन नाही, जी? मी सौंदडचीच." मग आम्ही चहावर तासभर एकमेकींच्या सात पिढ्या काढल्या. चार महिन्यांचा उपास होता तो!

आता पुण्यातच काम करते. माझ्याकडं जगातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टी जमतात आणि त्यातली एकही मी सांगत नाही. माझ्यासारखीनं! गावी आले की आत्याबाई खोदून खोदून विचारतात, मी त्यांना त्यांच्या कोंबड्यांची खुशाली विचारते.

आईचा फोन मात्र रोज येतो. परवा म्हणाली, "आज आलती का कोनी?"

"आलती एक बाई."

"कोनाची व?" सवय काही सुटत नाही.

"तिची तीच, आई."

मग म्हणाली, "बरं. जेवून गेली का?"

माझं घर अजून तिथंच आहे, बायांनो. 'जेवून गेली का?' या प्रश्नात.